पाच वर्षांनी घ्यायचं औषध

भाचा नाशिककडं वाइनच्या कारखान्यात लागला, तेव्हा आमच्या घरात कुणी पेढे वाटले नव्हते. दिवाळीला तो परभणीला आला तो दोन बाटल्या घेऊनच. "मामा, यंदाची कॅबर्ने सॉव्हिन्यॉ आहे, लाल वाइन. एक आत्ता चाखा, दुसरी मुरू द्या. किती वर्षं, ते पहिलीवरून तुम्हीच ठरवा."

आजवर मी दोनच गोष्टी मुरवल्या होत्या: कैरीचं लोणचं आणि बँकेतली मुदत ठेव. दोन्हींची तारीख दुसरंच कुणीतरी ठरवतं.

पहिला घोट घेतला आणि जीभ टाळूला जाऊन चिकटली. लहानपणी बाभळीचं दातवण चावताना व्हायचं, अगदी तसंच. "नासलीय रे ही," मी जड जिभेनं म्हणालो. भाचा खूश! "मामा, ते टॅनिन! द्राक्षाच्या सालीतून, बियांतून उतरतं. लाळेतली प्रथिनं धरून ठेवतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. वर्षं जातील तसं मऊ होतं." कातडं कमवायला बाभळीची साल वापरतात तीही ह्याच गुणामुळं, म्हणे. म्हणजे माझ्या जिभेची चप्पल होत होती तर. आणि जुनं झाल्यावर मऊ होणं हेही मला नवीनच. आमच्या भावकीत बांधाचं भांडण जितकं जुनं तितकं कडक.

मग रंग. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरायचा. कागद म्हणून वीजबिलाची मागची बाजू घेतली. कड जांभळट तर वाइन कोवळी, विटकरी तर वय झालेली. आमची जांभळं खाऊन आलेल्या पोराच्या ओठांसारखी होती. खरी कसोटी पुढं: फोडलेली बाटली झाकून ठेवायची आणि तीन दिवस रोज थोडी चाखायची. दुसऱ्याच दिवशी मान टाकली तर दुसरी बाटली लवकर संपवा; तिसऱ्या दिवशीही सुधारत असेल तर तिच्यात दम आहे. तीन दिवस ती फ्रिजमध्ये दह्याच्या पातेल्याला टेकून उभी, आणि बायको पाहुण्यांना माठातलंच पाणी देतेय. तिसऱ्या दिवशी तुरटपणा खरंच ओसरला, मागून काळ्या मनुकांसारखं काहीतरी आलं. मी न्यायाधीशाच्या चेहऱ्यानं निकाल दिला: ५ वर्षं. (४ म्हणणार होतो, पण मुदत ठेवीची सवय.)

ठेवायची कुठं? तिला १२ ते १५ अंश तापमान, अंधार आणि स्वस्थता लागते. परभणीत मे महिन्यात पारा ४२ च्या वर. तिथं वाइन मुरत नाही, शिजते. शेवटी गंगाखेडजवळचं आमचं माळवदाचं घर आठवलं. हातभर जाड मातीच्या भिंती, आणि रिकामं पडलेलं बळद, म्हणजे धान्य साठवायची अंधारी कोठी. माय तिथंच राहते. बाटली धोतरात गुंडाळून बळदात आडवी ठेवली. आडवी ठेवतात ती बूच ओलं राहावं म्हणून. हिला फिरकीचं झाकण होतं, तरी आडवीच ठेवली. शास्त्र म्हणजे शास्त्र.

"काय हाय रे ते?"

"औषध. पाच वर्षांनी घ्यायचंय. हात लावू नको."

महिन्याभरानं मायचा फोन.

"लेकरा, गुडघे आज दुखायलेत अन् औषध पाच वर्षांनी कामून? घेतलं रोज दोन झाकणं. लई तुरट हाय बघ. गुळाचा खडा टाकला, मंग गेलं. आता शेजारची म्हातारी बी मागायली. येताना अजून एक आण."