डॉ. स्पॉक आणि ‘बिघडलेली पिढी’: एका जुन्या आरोपाची तपासणी

अमेरिकेतील पुराणमतवादी वर्तुळात गेली पन्नासहून अधिक वर्षे एक आरोप सांगितला जातो आणि आजही तो मोठ्या विश्वासाने पुढे पाठवला जातो. बालरोगतज्ज्ञ डॉ. बेंजामिन स्पॉक यांनी आपल्या पुस्तकातून आईवडिलांना मुलांचे सगळे हट्ट पुरवायला शिकवले, त्यातून १९६०च्या दशकातील बेशिस्त आणि देशद्रोही पिढी निपजली, त्यांच्या स्वतःच्या मुलाने आत्महत्या केली आणि अखेर आपली चूक झाल्याचे त्यांनीच मान्य केले, असे त्यात म्हटलेले असते. यातले एकही विधान तपासणीत टिकत नाही, आणि एका माणसाच्या आयुष्यभराच्या कामाला लागलेला हा डाग पुसणे मला आवश्यक वाटते.

आधी तारखा पाहू. स्पॉक यांचे पुस्तक १९४६ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील ग्रीन्सबरो शहरात १ फेब्रुवारी १९६० रोजी गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या उपाहारगृहाच्या काउंटरवर बसून सत्याग्रह करणारे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी त्यापूर्वीच जन्मलेले होते. बर्कली येथील १९६४ च्या विद्यार्थी आंदोलनातले मारियो सॅव्हियो १९४२ चे, तर त्या दशकातल्या आंदोलनांचे इतर नेते टॉम हेडन १९३९ चे, जेरी रुबिन १९३८ चे आणि ॲबी हॉफमन १९३६ चे. म्हणजे ज्यांची नावे घेऊन ‘स्पॉकची पिढी’ असे म्हटले जाते, त्यांचे पाळण्यातले दिवस हे पुस्तक छापले जाण्यापूर्वीच संपले होते. शिवाय जी मुले खरोखर या पुस्तकाच्या आधाराने वाढली, त्यांतलीच असंख्य मुले गणवेश चढवून व्हिएतनामला गेली. त्या युद्धात अठ्ठावन्न हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक मरण पावले. एकाच पुस्तकाने एकाला निदर्शक आणि दुसऱ्याला सैनिक केले, असे म्हणायचे असेल तर पुस्तकाचा संबंध उरतोच कुठे? आणि हा असंतोष अमेरिकेपुरता नव्हता; १९६८ साली पॅरिसमध्ये आणि मेक्सिको शहरातही विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते, हेही लक्षात ठेवलेले बरे.

आता पुस्तकात काय होते ते पाहू. त्याआधीच्या काळात जॉन वॉटसन यांच्यासारखे मानसशास्त्रज्ञ आईला बजावत होते की मुलाचे मुके घेऊ नका, त्याला मांडीवर बसवू नका. तान्ह्या बाळाला भूक लागली असली तरी घड्याळाचा काटा ठरलेल्या वेळेवर येईपर्यंत दूध द्यायचे नाही, ही शिस्त तेव्हा शास्त्रशुद्ध मानली जात असे. अशा वातावरणात स्पॉक यांनी आईवडिलांना सांगितले की स्वतःवर विश्वास ठेवा, तुम्हाला वाटते त्यापेक्षा तुम्हाला बरेच कळते. ‘मुलाला कधीच नाही म्हणू नका’ असा उपदेश त्यांनी केलेला नाही. मारण्याबाबत तर पहिल्या आवृत्तीतले त्यांचे मत आजच्या वाचकाला आश्चर्य वाटावे असे होते: आपण मारण्याचा खास पुरस्कार करत नाही, पण दीर्घकाळ नाराजी धरून बसण्यापेक्षा ते कमी विषारी आहे, असे त्यांनी लिहिले होते; मारण्याला स्पष्ट विरोध त्यांनी पुढे, बऱ्याच उशिरा केला. १९५७ च्या सुधारित आवृत्तीत तर, आता कर्तव्यदक्ष पालक अडचणीत येण्याचा धोका कडकपणापेक्षा ढिलेपणामुळेच अधिक दिसतो, असे त्यांनीच बजावले होते. आंदोलने पेटण्याच्या कितीतरी आधीचे हे शब्द आहेत.

मग हा आरोप आला कुठून? माझ्या मते सगळ्या प्रकरणाचे मर्म इथे आहे. पुस्तक बाजारात आल्यापासून जवळजवळ बावीस वर्षे, लक्षावधी घरांत ते वापरले जात असताना, राष्ट्रीय चारित्र्य बिघडवल्याचा ठपका त्यांच्यावर कोणी ठेवला नव्हता. १९६२ पासून स्पॉक अण्वस्त्रविरोधी चळवळीत आणि पुढे व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात उभे राहिले. जानेवारी १९६८ मध्ये, सक्तीची सैन्यभरती नाकारण्यास तरुणांना मदत करण्याचा कट केल्याबद्दल त्यांच्यावर आणि इतर चौघांवर बॉस्टन येथे खटला भरला गेला. त्याच वर्षी धर्मोपदेशक नॉर्मन व्हिन्सेंट पील यांनी त्यांच्यावर जाहीर टीका केली आणि पुढे उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांनीही तोच सूर लावला. स्पॉक यांना दोन वर्षांची शिक्षा झाली, पण १९६९ मध्ये अपील न्यायालयाने ती रद्द करून त्यांना निर्दोष ठरवले. ज्या माणसाचे युद्धाबद्दलचे मत खोडून काढता आले नाही, त्याचे बालसंगोपन दोषी ठरवले गेले. युद्धाबाबत त्यांच्याशी मतभेद असणे पूर्णपणे रास्त होते. पण मग वाद युद्धावर व्हायला हवा होता, तान्ह्या बाळांच्या दुधावर नव्हे.

मुलाच्या आत्महत्येची गोष्ट सरळ खोटी आहे. १९९८ साली स्पॉक वारले तेव्हा त्यांचे दोन्ही मुलगे हयात होते. १९८३ साली मरण पावला तो त्यांचा नातू, आणि त्याला गंभीर मानसिक आजार होता. एका कुटुंबाचे दुःख वादातला मुद्दा म्हणून वापरणे मला क्रूरपणाचे वाटते.

‘कबुली’ म्हणून १९७४ मधल्या एका मासिक लेखाकडे बोट दाखवले जाते. ठामपणे वागता न येणे ही अमेरिकन पालकांची मोठी अडचण आहे आणि तज्ज्ञांनी, ज्यांत मीही आलो, त्यांचा आत्मविश्वास कमी केला, असे त्यांनी त्यात म्हटले होते. ती तज्ज्ञांच्या वर्गाविषयीची आत्मपरीक्षा होती. आपण ढिलेपणा शिकवला असे त्यांनी कधीच मान्य केले नाही.

त्यांची खरी चूक वेगळीच आहे. उलटी घशात अडकेल या भीतीने त्यांनी पुढच्या आवृत्त्यांत बाळाला पोटावर झोपवण्याचा सल्ला दिला आणि तो अनेक वर्षे छापला गेला. झोपेत होणाऱ्या अचानक मृत्यूंचा धोका त्या स्थितीत वाढतो, हे नंतर सिद्ध झाले आणि १९९४ साली अमेरिकेत बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली. ज्यांना स्पॉक यांची गंभीर चिकित्सा करायची आहे त्यांनी ती या पानापासून करावी. पुढे पाठवल्या जाणाऱ्या त्या आरोपात मात्र याविषयी एक ओळही नाही.