गंठण गेल्यानंतरचा महिना

कोल्हापुरात कुणाचं गंठण हिसडा मारून नेलं की चर्चा ठरलेली: सीसीटीव्ही का बंद, गस्त कुठाय, चोर सापडला की धिंड काढा. राग रास्तच आहे. पण ब्रिटनमधून हे वाचताना वाटतं, त्या काकूंना रात्री झोप लागते का, हे कोण विचारतंय?

इंग्लंड-वेल्समध्ये फिर्याद नोंदवल्यावर पोलिसांनी 2 कामकाजाच्या दिवसांत पीडित व्यक्तीला मदत सेवेशी जोडून द्यायचं असतं. पुढच्या उपचारासाठी मात्र इथंही अनेकांना फार थांबावं लागतं. शेजारी तर दारही वाजवत नाहीत. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी घर भरतं, ही मोठीच ताकद. फक्त येणारा प्रत्येकजण ‘नेमकं कसं झालं हो काकू?’ म्हणत सगळं परत वदवून घेतो. असं लगेच खोदून विचारल्यानं आघात टळत नाही. काकू आपणहून बोलल्या, तर जरूर ऐकावं.

मागून मोटारसायकलचा आवाज आला की हात गळ्याकडे जातो. सुरुवातीचे काही आठवडे हे होणारच, आणि बहुतेकांचं ओसरतं. बिघडतं ते टाळण्यानं. आधी रंकाळ्यावरचं फिरणं बंद, मग मंडई, मग दारातली रांगोळीसुद्धा. घरात परतताच धडधड थांबते आणि ‘बाहेर नव्हते म्हणून वाचले’ हेच मनात पक्कं होतं.

शेजारणीनं प्रश्न विचारण्यापेक्षा चपला घालाव्यात. उजेडात, काकूंना झेपेल तिथवर दोघींनी जावं. भीतीला 10 पैकी गुण द्यावेत. 6 असेल तर 3 होईपर्यंत तिथंच बाकावर बसावं. भीती टिपेला असताना परत फिरलं, तर ती आणखी घट्ट होते. तीच जागा चार-पाच दिवस, मग थोडं पुढं, मग सोबतीणीनं वीस पावलं मागं राहायचं. झोपेच्या गोळ्या मनानं घेऊ नयेत.

महिना उलटूनही तेच दृश्य डोळ्यांपुढं येत असेल, तर सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. आघातावर केंद्रित मानसोपचाराला साधारण 8 ते 12 बैठका लागतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे.

राज्य सरकारची मनोधैर्य ही मदत योजना लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांसाठी आहे. गंठणवाल्या काकू तिच्यात बसत नाहीत. तपास कुठवर आला हे 90 दिवसांत कळवणं नव्या नागरिक सुरक्षा संहितेनं पोलिसांवर बंधनकारक केलंय. पण काकूंची झोप उडते पहिल्याच रात्री. फिर्यादीच्या प्रतीला 14416 लिहिलेली चिठ्ठी टाचायला कुठला नवा कायदा लागत नाही. ओळख परेडला बोलावतानाही आदल्या दिवशी फोन करून सांगावं, चोर समोर दिसेल का, सोबत कुणाला आणता येईल.