सरळ रेषेचे सहप्रवासी

लंडनहून लॉस एंजेलिसला जाणाऱ्या विमानात ‘जरा हळू बोला, बाकीचे झोपले आहेत’ ही समज मला देण्यात आली, शेजारच्या गृहस्थांना नव्हे, याचा राग अजून पुरता गेलेला नाही. बोलत ते होते. मी फक्त उत्तरे देत होतो.

त्यांचा पडदा बंद असल्यामुळे ते माझ्या पडद्यावरचा नकाशा पाहत होते. विमान ग्रीनलंडच्या रोखाने वर सरकताना दिसताच त्यांनी बोर्डिंग पासची कड पट्टीसारखी माझ्या पडद्यावर टेकवली आणि जाहीर केले, “वैमानिक आपल्याला लांबून नेतो आहे.”

पृथ्वी गोल आणि नकाशा सपाट असल्यामुळे, या दोन विमानतळांमधली सुमारे 8,780 किलोमीटरची सर्वांत जवळची वाट नकाशावर उत्तरेकडे फुगलेली दिसते, असे मी सांगितले. खात्री पटावी म्हणून जेवणाच्या ताटातले संत्रे उचलून त्यावर नखाने ती वाट ओढून दाखवली. त्यांनी संत्रे हातात घेतले, निरखून पाहिले, सोलले आणि खाल्ले. संत्रे माझे होते.

“ते राहू द्या,” बिया कागदात गुंडाळत ते म्हणाले, “तिकिटावर दुपारी बाराला निघून तीनला पोहोचणार असे छापले आहे. तीन तासांच्या वाटेला अकरा तास कसे लागतात?”

“दोन्हीकडच्या घड्याळांत आठ तासांचा फरक आहे.”

“म्हणजे आठ तास कोणीतरी खाल्ले.”

संत्र्याचा अनुभव ताजा असल्याने मी यावर काही बोललो नाही.

मग त्यांनी ठेवणीतला मुद्दा काढला. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तेव्हा लॉस एंजेलिस स्वतःच आपल्याकडे येत आहे. विमानाने नुसते वर थांबले तरी पुरे! हवाही पृथ्वीबरोबरच फिरते, आणि दहा-अकरा किलोमीटर उंचीवरचे जोरदार पश्चिमी वारे समोरून येत असल्यामुळे उलट जातानाच जास्त वेळ लागतो, हे सांगताना माझा आवाज चढला असेल. 2020 च्या फेब्रुवारीत याच वाऱ्यांच्या पाठबळावर न्यूयॉर्कहून निघालेले विमान पाच तासांच्या आत लंडनला पोहोचले होते, हे मी सांगत असतानाच हवाई सेविका आली. गृहस्थांनी तत्काळ डोळे मिटले होते.

त्यांना तरी किती दोष द्यावा? अंतर आणि वेळ सांगणारे तक्ते अंतराला ताशी 900 किलोमीटरने भागतात आणि पावणेदहा तासांचे उत्तर देऊन मोकळे होतात. समोरचा वारा, धावपट्टीकडे रांगत जाणे, उड्डाणासाठी ताटकळणे यांपैकी काहीही त्यांच्या हिशेबात नसते. तिकिटावरच्या वेळेत एवढे तरी धरलेले असते. परंतु निघण्याआधी तीन तास येऊन बसणे आणि उतरल्यावर पारपत्र तपासणीच्या रांगेत उभे राहणे यांना तिथेही जागा नाही. तेवढा वेळ प्रवाशाने घरून आणायचा असतो.