यकृतापलीकडेही पाहा

उंदरातली विषनिर्मूलक जनुकं (शरीरात शिरलेली रसायनं बदलणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, बनवणारी) ऊती, प्रजाती आणि परिसरानुसार कमी-जास्त सक्रिय असतात, हा तुमच्या लेखाचा मुद्दा पटला. पण बहुतेक जागा यकृतानेच खाल्ली. नाक आणि फुप्फुस राहूनच गेलं की! नाकातल्या गंधपटलात (वास ओळखणाऱ्या अस्तरात) सायटोक्रोम पी४५० या अशाच विकरांच्या मोठ्या गटातली काही विकरं भरपूर असतात. हवेतली रसायनं आधी तिथेच येऊन आदळतात, त्यामुळे नवल नाही. फुप्फुसात मात्र उलटाच खेळ. उंदराच्या श्वसनमार्गातल्या क्लब पेशींमध्ये (तिथल्या अस्तरातल्या एका प्रकारच्या पेशी) सीवायपी२एफ२ हे याच गटातलं विकर मुबलक असतं. ते नॅफ्थॅलिनचं (हो, कपाटात ठेवायच्या डांबरगोळ्यांतलं) जास्त घातक पदार्थात रूपांतर करतं आणि त्याच पेशी मरतात. ‘विषनिर्मूलन’ हे नावच जरा फसवं आहे.

प्रजातींचं म्हणाल, तर कार्यरत पी४५० जनुकं उंदरात १०२, माणसात ५७. शिवाय रिफॅम्पिसिन या क्षयरोगावरच्या औषधामुळे माणसाचा पीएक्सआर ग्राही (रसायनाची चाहूल लागताच अशी जनुकं चालू करणारं प्रथिन) चांगला जागा होतो, उंदराचा जवळपास नाही.

परिसराबाबत माझं आवडतं उदाहरण १९६७ सालचं. पिंजऱ्यात लाल सीडर या झाडाच्या लाकडाचा भुसा अंथरला, तर उंदरांच्या यकृतातली औषधं फोडणारी विकरं वाढली आणि झोपेच्या औषधाचा अंमल लवकर उतरू लागला. निव्वळ अंथरुणामुळे! तरी अनेक शोधनिबंधांत अंथरुणाचा उल्लेख एका ओळीत उरकलेला असतो.

एक शंका: लेखातल्या आलेखात नर-मादी वेगळे धरले आहेत की सरासरी काढली आहे? उंदरांच्या यकृतात बऱ्याच पी४५० जनुकांबाबत हा फरक मोठा असतो.