‘प्यासा’ आपटला नव्हता, आणि विजयची कदरही झाली होती

फिरत्या मजकुरातला दावा थोडक्यात असा: गुरुदत्तचा सिनेमा ‘प्यासा’ १९५७ मध्ये साफ आपटला, ते जिव्हारी लागून त्याने जीव दिला; त्यातला कवी नायक विजय म्हणजे गुरुदत्तच, जगाने कदर न केलेला कलावंत; आणि ‘जिन्हें नाज़ है हिंद पर’ हे त्यातलं गाणं गीतकार साहिर लुधियानवीने नेहरू सरकारला झोंबावं म्हणून खास लिहिलं.

आपटला तो ‘काग़ज़ के फूल’, १९५९ चा. ‘प्यासा’ चांगला चालला होता. ‘काग़ज़ के फूल’नंतर गुरुदत्तने दिग्दर्शक म्हणून स्वतःचं नाव लावलं नाही हे खरं, पण निर्माता म्हणून १९६० मध्ये ‘चौदहवीं का चाँद’ने त्याला सावरलं आणि १९६२ मध्ये ‘साहिब बीबी और ग़ुलाम’ आला. त्याचा मृत्यू १० ऑक्टोबर १९६४ चा, म्हणजे ‘प्यासा’नंतर सात वर्षांहून अधिक काळाने. तो अपघात होता की आत्महत्या, यावर आजही मतभेद आहेत.

गाण्याचं प्रकरण जरा खोलात जाऊन बघण्यासारखं आहे. ही साहिरची जुनी नज्म (उर्दू कविता), ‘चकले’ म्हणजे कुंटणखाने, स्वातंत्र्यापूर्वीच्या ‘तल्ख़ियाँ’ संग्रहातली. तेव्हा नेहरूंचं सरकारच नव्हतं. मूळ ध्रुवपद ‘सना-ख़्वान-ए-तक़दीस-ए-मश्रिक़ कहाँ हैं’, म्हणजे पूर्वेच्या पावित्र्याचे गोडवे गाणारे कुठे गेले? थिएटरातल्या पब्लिकला ही फारसी पचणारी नव्हती, म्हणून सिनेमासाठी ओळ सोपी केली. पण ‘पूर्व’ जाऊन ‘हिंद’ आलं आणि रोख थेट दहा वर्षांच्या स्वतंत्र देशाकडे वळला. तेवढ्यापुरता दावा अर्धा खरा.

या गाण्याच्या आधीचा प्रसंग मात्र मजकूरवाले हमखास गाळतात. कोठ्यावर एक बाई नाचते आहे, आत तिचं आजारी मूल रडतंय, आणि गिऱ्हाइकं तिला थांबू देत नाहीत. विजय ते बघून रस्त्यावर येतो, मग गाणं. तिथे तो स्वतःच्या न छापल्या गेलेल्या कवितांबद्दल चकार शब्द काढत नाही.

आता ‘कदर न झालेला कलावंत’. सुरुवातीला हे खरंच: भाऊ त्याच्या कवितांची फाइल रद्दीत घालतात आणि ती रद्दीतून विकत घेते गुलाबो, एक वेश्या. पण पुढे काय होतं? विजय मेला असं समजून प्रकाशक घोष त्याच्या कवितांचं पुस्तक काढतो, ते धडाक्यात खपतं. जिवंत विजय परत आल्यावर पैसे खाऊन त्याला ओळख नाकारणारे त्याचे भाऊ आणि मित्र. दुसऱ्या प्रकाशकाकडून जास्त मिळणार म्हटल्यावर तेच भाऊ पुन्हा त्याला ओळखतात.

मेला समजलेल्या विजयच्या स्मृतिसभेचा शॉट पुन्हा बघा. विजय दारात उभा, हात चौकटीला पसरलेले, उजेड पाठीमागून, त्यामुळे चेहरा काळोखात. ‘ये दुनिया अगर मिल भी जाए’ हे गाणं सुरू होतं ते त्याच्याच गौरवासाठी भरलेल्या सभागृहात. कदर नसल्याचं दुखणं असतं तर हार गळ्यात घालून सिनेमा तिथेच संपला असता. उलट पुढच्या सभेत, सगळे ओळखायला तयार असताना, तो म्हणतो की मी विजय नाहीच, आणि गुलाबोकडे जाऊन तिला बरोबर घेऊन निघून जातो.