आधी विचारा, एकाचं बंद की सगळ्यांचं?

आज सकाळी नेट गेलं म्हणून फोन केला, तर इंटरनेट कंपनीच्या कस्टमर केअरच्या माणसाने मला विचारलं, "मॅडम, घरात सर आहेत का?"

मी त्याला शांतपणे सांगत होते, की तुमच्या डब्यावरचा एलओएसचा (लॉस ऑफ सिग्नल) दिवा लाल लुकलुकतोय. म्हणजे फायबरमधून प्रकाशच येत नाहीये. कुठेतरी ती तुटली, वाकली किंवा निघाली आहे, माणूस पाठवा. यावर आधी "राऊटर बंद करून तीस सेकंदांनी चालू करा." मी पुन्हा एलओएस म्हटल्यावर "सर आहेत का?" आहेत हो सर. सरांना वाय-फायचा पासवर्डसुद्धा मलाच विचारावा लागतो.

पण ही पोस्ट सरांवर नाही, तो वेगळा विषय आहे आणि त्यावर लिहायला बसले तर रात्र पुरणार नाही. ही पोस्ट "बंद करून चालू करा" या रोगावर आहे. कंपनीवाले सोडा, आपण सगळेच हे करतो. नेट गेलं की घरातला कोणीतरी ताडकन उठतो आणि राऊटरचं बटण दाबतो. कोणाचं गेलंय, काय गेलंय, एकाचं की सगळ्यांचं, काही विचारायचं नाही. चोरी झालेल्या खोलीत पोलीस यायच्या आत केर काढून ठेवण्यातला हा प्रकार आहे. जे काही कळणार होतं ते सगळं त्या बटणासरशी पुसलं जातं.

हो, कधीकधी रीस्टार्टने खरंच चालू होतं. राऊटर महिनोन्‌महिने चालू राहून गुंगतो, मेमरी भरते वगैरे. मान्य. पुढे.

माझ्या ताईच्या घरी काय झालं ते सांगते. तिच्याकडे चार कॉम्प्युटर. तिचा लॅपटॉप, भावजींचा ऑफिसचा लॅपटॉप, भाच्याचा डेस्कटॉप आणि एक म्हातारा, जो फक्त प्रिंटरसाठी जिवंत ठेवलाय. ताई ऑनलाइन क्लास घेते. शिकवता शिकवता तिचं नेट गायब व्हायचं. वाय-फायच्या पट्ट्या पूर्ण भरलेल्या, आणि खाली "इंटरनेट नाही". त्याच क्षणी शेजारच्या खोलीत भावजींची मीटिंग खणखणीत चालू! मग काय, निष्कर्ष तयारच होता: ताईचा लॅपटॉप खराब.

एकाने तो फॉरमॅट मारून दिला. तिने मुलांसाठी बनवलेल्या नोट्सचा अख्खा फोल्डर त्यात गेला. बॅकअप घेतलाय का हे त्या महाशयांना विचारावंसं वाटलं नाही. आणि नेट? ते पुन्हा जायला लागलंच. मग घरच्यांनी मोठा प्लॅन घेतला. तरी जातंच. मग रीस्टार्टचा सपाटा. त्यात गंमत अशी, की रीस्टार्ट केल्यावर कधी ताईचं चालू व्हायचं आणि भाच्याचं बंद पडायचं. कधी उलटं. घरात मायलेकांची भांडणं लागली, "तू गेम लावलास की माझं जातं."

आता इथे थांबून विचार करा. चारांपैकी एकाचं बंद आणि बाकीच्यांचं चालू, याचा अर्थ बाहेरची लाइन ठीक आहे. कंपनी ठीक, प्लॅन ठीक. भानगड घराच्या आत आहे. एवढी एक गोष्ट कळायला काय लागतं? उठून शेजारच्या खोलीत जाऊन "तुमचं चालू आहे का?" एवढं विचारायला लागतं. पण नाही. बटण दाबा.

मी गेले तेव्हा पहिलं काम केलं ते म्हणजे कोणालाही बटणाला हात लावू दिला नाही. ताईचा आणि भावजींचा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. दोन्हीवर विंडोजची काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडली, आयपीकॉन्फिग (ipconfig) टाइप केलं, एंटर. भावजींच्या स्क्रीनवर पत्ता १९२.१६८.१.७ आणि डिफॉल्ट गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार, १९२.१६८.१.१. ताईच्या स्क्रीनवर पत्ता १९२.१६८.०.१०२ आणि गेटवे १९२.१६८.०.१.

भावजी म्हणाले, "सारखंच तर आहे."

सारखं नाही हो भावजी. तुमच्याकडे तिसरा आकडा एक आहे, हिच्याकडे शून्य. एका घरात, एकाच वाय-फायवर, दोन गेटवे!

हे १९२.१६८ प्रकरण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जुन्या पद्धतीचे इंटरनेटचे पत्ते एकूण जेमतेम ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत हे नव्वदच्या दशकातच लक्षात आलं होतं, आणि २०११ साली मुख्य साठ्यातले शेवटचे गठ्ठेही वाटून झाले. ही वेळ येणार हे दिसत होतं म्हणूनच काही पत्ते १९९६ च्या नियमाने फक्त घराच्या किंवा ऑफिसच्या आतल्या वापरासाठी आधीच राखून ठेवले, ते कोणीही आपल्या घरात वापरावेत. १९२.१६८ ने सुरू होणारे त्यातलेच. तुमच्याही घरात तेच, माझ्याही घरात तेच. बाहेरच्या जगाला घराचा एकच पत्ता दिसतो, आणि आतल्या चौघांपैकी कोणाचं उत्तर कोणाला द्यायचं याची वही राऊटर ठेवतो. आतले पत्ते वाटणारी सोय म्हणजे डीएचसीपी. कॉम्प्युटर नेटवर्कवर आला की ओरडून विचारतो, "मला कोणी पत्ता देता का?" राऊटर पत्ता देतो आणि सोबत सांगतो, बाहेर जायचं असेल तर माझ्याकडून जा. तोच गेटवे.

आणि इथेच मेख आहे. कॉम्प्युटर तो प्रश्न सगळ्यांना विचारतो. घरात उत्तर देणारे दोन असतील, तर बहुतेक वेळा ज्याचं उत्तर आधी येईल त्याचं तो ऐकतो.

मी ताईच्या ब्राउजरमध्ये १९२.१६८.०.१ टाकलं. लॉगिनचं पान उघडलं, पण भलत्याच कंपनीचं. भावजी वाकून बघतात तो काय, "अरे, हा तर आपला जुना राऊटर!"

तो जुना राऊटर भाच्याच्या टेबलामागे, भिंतीला टेकून, धुळीने माखलेला, हिरवे दिवे लावून मजेत बसला होता. भाच्याच्या खोलीत वायर एकच येते, तिकडे डेस्कटॉप आणि प्रिंटरवाला दोन्ही लावायचे होते, म्हणून भावजींनी पोर्ट (वायर लावायची भोकं) वाढवायला तो मध्ये जोडला होता. इंटरनेटची वायर जिथे लागते ते भोक रिकामं. म्हणजे या राऊटरकडे स्वतःचं इंटरनेट नाहीच, पण पत्ते वाटायची हौस मात्र शाबूत! लॅपटॉप झोपवून उठवला, वाय-फाय तुटून जुळलं, की नवा डाव. मुख्य राऊटरने आधी उत्तर दिलं तर नेट चालू. याने दिलं तर पट्ट्या फुल आणि इंटरनेट नाही. ताईचं प्रिंटही तेव्हाच अडकायचं, कारण प्रिंटरवाला एका गावात आणि ही दुसऱ्या.

आणि आता ते लाडकं रीस्टार्ट घ्या. मुख्य राऊटर बंद करून चालू केला की तो डोळे चोळत उठेपर्यंत हा जुना जागाच. आल्यागेल्या प्रत्येकाला पत्ता देऊन मोकळा. म्हणजे ज्या औषधाने बरं वाटेल म्हणून सगळे धावत होते, त्यानेच आजार घरभर पसरत होता. हे मला आजही आठवलं की डोकं फिरतं.

जुना राऊटर असा नुसता पोर्ट वाढवायला, म्हणजे स्विच म्हणून, वापरणं यात चूक काही नाही, उलट शहाणपणा आहे, टाकून कशाला द्यायचा. फक्त त्याचा डीएचसीपी बंद करायचा, त्याला मुख्य राऊटरच्या रांगेतला (इथे १९२.१६८.१ ने सुरू होणारा) पण दुसऱ्या कोणाला मिळणार नाही असा पत्ता द्यायचा आणि वायर लॅनच्याच, म्हणजे घरातले कॉम्प्युटर लावायच्या, भोकात लावायची. मी एवढंच केलं. मग ताईच्या लॅपटॉपवर आयपीकॉन्फिग रिलीज (ipconfig /release, जुना पत्ता सोड), आयपीकॉन्फिग रिन्यू (ipconfig /renew, नवा घे). गेटवे १९२.१६८.१.१. झालं.

ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे माझा लॅपटॉप चांगला होता?" इतके दिवस ती क्लासमधल्या मुलांची माफी मागत होती, माझंच नेट खराब आहे, माझंच मशीन जुनं आहे म्हणून. मला त्या फॉरमॅटवाल्याला शोधून काढावंसं वाटलं. अजूनही वाटतं.

यात अगाध ज्ञान काही नाही. मी इंजिनिअर नाही. मला फक्त कोणत्या पायरीवर अडलंय ते बघायची सवय आहे. आधी गेटवेला पिंग करायचं, म्हणजे त्याच काळ्या खिडकीतून "आहेस का?" अशी हाक मारायची. उत्तर आलं तर तुम्ही आणि राऊटर यांच्यातलं सगळं ठीक. मग बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, ८.८.८.८ ला. तेही आलं तर इंटरनेट आहे बाबा, रडू नका. आणि तरीही साइट उघडत नसेल, तर बहुतेक साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारा डीएनएस झोपलाय, तिथे दुसरा डीएनएस टाकून बघा. पत्ताच १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर कॉम्प्युटरला कोणीच पत्ता दिलेला नाही, त्याने स्वतःच एक लावून घेतलाय. वायर बघा, वाय-फाय बघा, डीएचसीपी बघा. कंपनीला फोन करून उपयोग नाही.

वायरवरून आठवलं. भाच्याचा डेस्कटॉप वायरवर असूनही स्लो होता, त्याचं कारण वेगळंच निघालं. नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारा असतात. गिगाबिटला (सेकंदाला हजार मेगाबिट) आठही लागतात, शंभर मेगाबिटला चारच पुरतात. एखादी तार क्लिपपाशी तुटली, की बरेचदा कनेक्शन तुटत नाही, गुपचूप शंभरवर उतरतं. तुम्ही मोठा प्लॅन घेऊन बसता आणि वेग केबलच्या टोकाशी अडकलेला. ताईकडे घेतलेला मोठा प्लॅन त्या डेस्कटॉपला कधी दिसलाच नव्हता. केबल बदलली, विषय संपला.

आणि गेमवरून पोरांना झोडपणाऱ्यांसाठी खास. गेम खेळताना फार डेटा लागत नाही. लागतो तो गेमचं अपडेट उतरवताना. सगळ्या घराचं नेट एकदम रांगायला लागलं, तर आधी बघा कोणाचा फोन किंवा कॉम्प्युटर हजार फोटोंचा बॅकअप वर चढवतोय. अपलोडची नळी तुंबली की डाउनलोडही लंगडतं, कारण माल मिळाला ही पोच त्याच नळीतून परत जाते. ताईच्या घरी गेटवेचं निस्तरल्यावरही संध्याकाळी नेट जड व्हायचं. ते भावजींच्या फोनचे फोटो निघाले. भाचा त्या दिवशी ज्या नजरेने बापाकडे बघत होता, वा! पोराने महिनाभराची बोलणी वसूल केली.

कस्टमर केअरच्या त्या मुलाबद्दल मी सकाळी जे बोलले ते थोडं मागे घेते. त्याच्या समोर स्क्रीनवर ओळी असतात, त्या क्रमाने वाचायच्या असतात, रीस्टार्टची ओळ ओलांडून पुढे जायची त्याला मुभा नसेल. दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या आणि आवाज गोड ठेवायचा. त्याच्यावर राग नाही. "सर आहेत का" मात्र स्क्रीनवर लिहिलेलं नसावं. तो भाग मागे घेत नाही.

राग आहे तो ज्याने त्या ओळी लिहिल्या त्याच्यावर. पहिला प्रश्न "घरातल्या सगळ्यांचं बंद आहे की एकाचं?" असा ठेवला असता तर काय बिघडलं असतं? दुसरा, "डब्यावर कोणता दिवा लाल आहे?" या दोन प्रश्नांत निम्मे फोन मार्गी लागतील. पण त्यासाठी समोरच्या माणसाला अक्कल आहे असं गृहीत धरावं लागतं.

कोणी म्हणेल, सगळ्यांना एवढा वेळ कुठे असतो. नसतो. पण प्लॅन बदलायला असतो, लॅपटॉप फॉरमॅट करायला असतो, एकमेकांवर ओरडायला तर भरपूर असतो.

तर आता एक काम करा. घरातल्या दोन कॉम्प्युटरवर आयपीकॉन्फिग मारा (फोनवर वाय-फायच्या तपशिलात बघा) आणि गेटवे सारखा आहे का ते कॉमेंटमध्ये सांगा. वेगळा निघाला तर टेबलामागे, टीव्हीमागे, कपाटावर शोधा, कोणीतरी हिरवे दिवे लावून बसलेलं सापडेल. स्क्रीनचे फोटो टाकणार असाल तर शेजारी पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली नाही ना, ते बघून टाका. आणि भावजी, तुम्ही इथे हसायची इमोजी टाकणार आहात हे मला माहीत आहे. आधी फोटोंचा बॅकअप रात्रीच्या वेळेवर लावा.