मालवणच्या गढूळ पाण्यात काय पाहायचे?

कोल्हापुरातून मालवणला जाऊन ‘स्कूबा’ करून आलेल्या मंडळींची तक्रार बहुधा एकच असते : पाणी गढूळ होते, काही दिसलेच नाही. अंदमानची निळीशार छायाचित्रे पाहून गेलेल्या माणसाची ही निराशा मला समजते. तरीही माझे स्पष्ट मत आहे की आपण त्या समुद्रात चुकीच्या गोष्टी शोधायला जातो. तो समुद्र वीतभर अंतरावरून पाहायचा आहे आणि तसा पाहणाऱ्याला तो काही कमी देत नाही.

यामागचे कारण साधे आहे. पाण्यातला गाळ आणि प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) यांमुळे दूरचे धूसर होते. वीस फुटांवरचा मासा टिपायचा म्हटले तर भिंग आणि मासा यांच्यामध्ये वीस फूट गढूळ पाणी येते. बोटाच्या पेराएवढा जीव टिपताना मात्र मध्ये जेमतेम वीतभर पाणी असते आणि तेवढ्यातून चित्र स्वच्छ येते. पाण्याच्या पहिल्या काही मीटरांतच लाल रंग शोषला जातो, त्यामुळे कृत्रिम प्रकाश तर कुठेही लागतोच. तो समोरून न टाकता दोन्ही बाजूंनी तिरपा टाकला की तरंगणारे कण उजळत नाहीत. नाहीतर सगळ्या चित्रभर पांढरे ठिपके उमटतात. इंडोनेशियातील लेंबे सामुद्रधुनी किंवा फिलिपिन्समधील अनिलाओ येथे जगभरचे छायाचित्रकार मुद्दाम जातात ते गाळाच्या आणि काळपट वाळूच्या, दिसायला उकिरड्यासारख्या तळावरचे चिमुकले जीव शोधण्यासाठीच.

शोधायचे म्हणजे नेमके काय, हे एका जीवावरून सांगतो. न्यूडिब्रँक ही बिनशंखाची समुद्री गोगलगाय आहे. तिच्या तीन हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत आणि बहुतेक जातींचे खाणे ठरलेले असते : कुणी विशिष्ट स्पंज खाते, कुणी झुडपासारखे दिसणारे हायड्रॉइड. मालवणच्या एका तरुण प्रशिक्षकाने होडीत बसल्या बसल्या मला एका वाक्यात सगळी युक्ती सांगितली होती : “आधी तेचां खाणां सोदा, मगे तो आपसूक गावतलो.” तेव्हापासून मी खडकावर आधी स्पंज पाहतो, मग त्यावर कुरतडल्याची खूण पाहतो, मग जवळपास गुंडाळलेल्या फितीसारखी अंडी आहेत का ते पाहतो. अंडी सापडली की गोगलगाय बहुधा हातभर अंतरातच असते. डोक्यावर दोन शिंगे दिसतात, त्यांनी ती पाण्यातला वास घेते. अनेक जातींत पाठीच्या मागच्या बाजूला कल्ल्यांचा पिसांसारखा तुरा असतो. आपल्या पायातल्या फिनने (पोहण्याच्या वल्ह्यासारख्या पट्टीने) पाणी जरा जोरात हलवले की तो तुरा क्षणात आत ओढला जातो आणि मग कितीतरी वेळ नुसते थांबावे लागते. हायड्रॉइड खाणाऱ्या काही जाती तर भक्ष्याच्या डंख करणाऱ्या पेशी न पचवता स्वतःच्या पाठीवरच्या बोटांसारख्या उंचवट्यांत साठवतात आणि त्याच पेशी संरक्षणासाठी वापरतात.

आता जे चालते त्याविषयी. किनाऱ्यावर बहुतेक पर्यटकांना ‘स्कूबा’ म्हणून जे मिळते, त्यात प्रशिक्षक मागून सिलिंडर धरून ठेवतो, माशांना पावाचे तुकडे टाकले जातात, दहा-पंधरा मिनिटांत चित्रफीत तयार होते आणि पुढची होडी भरते. पाण्याची पहिली ओळख म्हणून ते ठीक आहे. पाव मात्र अजिबात ठीक नाही, कारण तो माशांचे अन्नच नव्हे. लहान जीव पाहायचे असतील तर रीतसर प्रशिक्षण घ्यावे लागते, आणि ते तारकर्लीतच उपलब्ध आहे. ओपन वॉटर या प्राथमिक प्रमाणपत्रावर 18 मीटरपर्यंत उतरता येते. मालवणात तेवढी खोली पुरून उरते. त्यानंतरही लगेच कॅमेरा घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. तळापासून हातभर वर, कशालाही न धरता, केवळ श्वासावर स्थिर राहता येत नसेल तर कॅमेऱ्याच्या नादात गुडघे प्रवाळावर टेकतात. शिवाय भिंगातून पाहताना सिलिंडरमधली हवा दाखवणारा काटा विसरला जातो. 200 बार (हवेच्या दाबाचे एकक) भरलेले सिलिंडर 50 बार शिल्लक असताना वर आणायचे असते, आणि गोगलगाय कितीही देखणी असली तरी या हिशेबात सवलत नाही.

चांगल्या चौकटीसाठी जीवाला काडीने सरकवणारे छायाचित्रकार मी पाहिले आहेत आणि त्यांच्या चित्रांना दाद देणे मी सोडून दिले आहे. प्रवाळ आणि समुद्री घोडे यांना तर वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे पाणी 1987 पासून सागरी अभयारण्यात येते. पण कायदा नसता तरी, न हलवता काढता येत नसेल तर ते चित्र सोडून द्यावे.

आपल्याकडे पावसाळ्यात आंबोलीला जाऊन चिखलात तासन्तास पालथे पडून बेडूक टिपणारी मंडळी कमी नाहीत. अगदी जवळून टिपणारे मॅक्रो भिंग त्यांच्याकडे आहे, चिकाटीही आहे. पावसाळ्यात समुद्र बंद असतो आणि पाणी त्यातल्या त्यात निवळते ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, म्हणजे दोन्ही हंगाम एकमेकांच्या आड येत नाहीत. कॅमेरा पाण्यात नेण्यासाठीचे जलरोधक घर महाग पडते, पण दिवे धरणारे अ‍ॅल्युमिनियमचे हात मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथवर करून घेतले आणि ते उत्तम चालतात.

कोल्हापूरकरांनी एक पथ्य मात्र पाळावे. डाइव्हनंतर शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो आणि उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने घाईने वर जाणे धोक्याचे ठरते, म्हणून विमानप्रवासापूर्वी एका डाइव्हनंतर किमान 12 तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान 18 तास थांबण्याची शिफारस आहे. आपला घाट विमानाइतका उंच नाही, पण कोल्हापूरही समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटरवर आहे. दुपारी पाण्यातून निघून संध्याकाळी गगनबावडा किंवा फोंडा चढण्यापेक्षा मी रात्र मालवणातच काढतो.

ज्यांना पाण्याखाली जायचेच नाही, त्यांनी ओहोटीच्या वेळी खडकाळ किनारा गाठावा. मुंबईत ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा उपक्रम 2017 पासून अशा किनारा-फेऱ्या काढतो आणि खडकांतल्या डबक्यांत न्यूडिब्रँकही दाखवतो. आपल्या कोल्हापूरकर मंडळींनी हिवाळ्यात तसे एकदा सिंधुदुर्गात जावे, असे मी सुचवतो. मोठी ओहोटी अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास असते. तेव्हा तारीख ठरवताना रविवार नव्हे, तिथी पाहा.